विश्वाची सुरुवात, गुरुत्वाकर्षण आणि कोल्हापुरातलं ‘जी’: शंका, मोजमाप आणि हिशोब

ओळंबा

विश्वाच्या आरंभाबद्दलचे प्रश्न इथं वरचेवर येतात आणि पाच-सहा प्रतिसादांत चर्चा भरकटते. या धाग्यापुरतं एक पथ्य पाळूया: प्रश्न कितीही मोठा असू दे, उत्तरात आकडा हवा आणि तो आकडा कुठून आला तेही हवं. महास्फोट, कृष्णविवर, प्रसरण या सगळ्या हिशोबांत गुरुत्वाकर्षणाचा एकच स्थिरांक येतो, आणि तो शिशाच्या गोळ्यांनी बंद खोलीत मोजता येतो. त्यामुळे सुरुवात जमिनीवरून करू.

स्मॉल जी म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीमुळे पडणाऱ्या वस्तूला मिळणारं त्वरण. ते जागेप्रमाणे बदलतं. कॅपिटल जी म्हणजे कुठल्याही दोन वस्तूंमधल्या ओढीचा स्थिरांक; तो कोल्हापुरात, चंद्रावर आणि देवयानी दीर्घिकेत एकच. शंका विचारताना यातला कोणता ते लिहा, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

कोल्हापूरचं अक्षांश १६.७ अंश उत्तर, उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. या अक्षांशावर समुद्रसपाटीला स्मॉल जी ९.७८४६ (मीटर प्रति सेकंदाचा वर्ग) येतं. दर मीटर उंचीला ०.०००००३०८६ वजा करायचे, म्हणजे ५५० मीटरला ०.००१७. हाती उरतं ९.७८३. पुस्तकातलं ९.८१ हे ४५ अंशांच्या वरच्या अक्षांशांना लागू पडतं, आपल्याकडे नाही.

कळंबा_१२

दादा, ९.८१ आणि ९.७८३ मधला फरक घरच्या साधनांनी दिसतो का? की नुसता कागदावरचा आहे?

ओळंबा

दिसतो, साध्या लंबकावर दिसतो. १ मीटर लांबीच्या लंबकाची १०० आंदोलनं ९.८१ धरली तर २००.६१ सेकंदांत व्हायला हवीत आणि ९.७८३ धरली तर २००.८८ सेकंदांत. फरक पाव सेकंदाच्या थोडा वर. हातातल्या स्टॉपवॉचची चूक ०.१ ते ०.२ सेकंद असते. त्यामुळे एका मापावर विसंबता येत नाही, पण दहा मापांच्या सरासरीत तो फरक स्वच्छ उतरतो.

लागणारं सामान:

गोळा पितळेचा, भरीव, ४० मिमी व्यासाचा. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर बनतो, वजन सुमारे २८० ग्रॅम भरतं. आकडा लावायला वर छोटंसं भोक. गवंड्याचा ओळंबा वापरू नका, त्याचं गुरुत्वमध्य नेमकं कुठं आहे ते मोजायला वेगळा खटाटोप पडतो.

दोरा सुती नको, हवेतल्या ओलाव्यानं त्याची लांबी बदलते आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. तंगूस ताणते आणि मोजमाप चालू असतानाच हळूहळू लांबत जाते. ०.३ मिमीची पोलादी तार उत्तम.

टांगणी ही सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. खिळ्याला गाठ मारली की आंदोलनाबरोबर गाठ सरकते आणि लांबी सतत बदलत राहते. तार दोन सपाट पत्र्यांच्या मधे धरून व्हाइससारखी आवळायची. पत्र्यांची खालची कड धारदार आणि एका रेषेत हवी. लांबी त्या कडेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. चौकट भिंतीत पक्की. लाकडी स्टूल किंवा दाराची चौकट स्वतःच गोळ्याबरोबर डोलते आणि आवर्तकाल (एका आंदोलनाला लागणारा वेळ) वाढवते.

कोन ५ अंशांच्या आत, म्हणजे १ मीटरला बाजूला ८-९ सेमी. वेळ धरायची ती गोळा मधल्या खुणेवरून जाताना, टोकाला नाही. टोकाला तो रेंगाळतो आणि नेमका क्षण डोळ्याला कळत नाही. खूण म्हणून मागं कागदावर उभी रेघ पुरते.

सूत्र: स्मॉल जी = ४ × पायचा वर्ग × लांबी ÷ आवर्तकालाचा वर्ग.

आता चुका, कारण उत्तरावरूनच कुठं चुकलं ते ओळखता येतं. उत्तर ९.९८ च्या आसपास आलं तर मोजणी ‘एक’पासून सुरू झाली आहे: घड्याळ चालू करताना ‘शून्य’ म्हणायचं, नाहीतर ९९ आंदोलनांना १०० समजलं जातं. उत्तर ९.५९ आलं तर गोळ्याची २ सेमी त्रिज्या लांबीत धरायची राहिली. ९.६३ आलं तर कोन २० अंशांपर्यंत गेलाय. ९.७७४ आलं तर बाकी सगळं ठीक आहे, ५ अंशांची दुरुस्ती तेवढी करायची आहे. ती आवर्तकालात ०.०४८ टक्के असते.

चुन्याची_निवळी

लांबीच्या बाबतीत एक सोपी युक्ती. गोळ्याचा मध्य शोधत बसण्यापेक्षा दोन लांबींवर आवर्तकाल घ्यावा, समजा १ मीटर आणि ५० सेमी. मग सूत्रात लांबीच्या जागी दोन लांबींमधला फरक आणि आवर्तकालाच्या वर्गाच्या जागी दोन वर्गांमधला फरक. आकडा, भोक, त्रिज्या यांत जी काही ठरलेली चूक असेल ती वजाबाकीत जाते. मात्र गोळा तोच ठेवायचा आणि तार वरून आखूड करायची, खालची गाठ हलवायची नाही.

हवेच्या उत्प्लावक बलानं पितळेच्या गोळ्यावर स्मॉल जी ०.०१४ टक्के कमी दिसतं. एवढी अचूकता गाठेपर्यंत ते सोडून द्यायला हरकत नाही.

सोमवार_पेठ

पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. हाच लंबक तिथं नेला तर स्मॉल जी कमी झालेलं सापडेल ना?

ओळंबा

कमी होतं हे खरं. पण या लंबकाला ते दिसणार नाही. ४०० मीटरला नुसत्या उंचीमुळे घट ०.००१२. शिवाय पायाखाली डोंगराचा काळा खडक येतो आणि तो आपल्याला उलट खाली ओढतो, त्यामुळे घट आणखी कमी होते. एकंदर दहा हजारांत एकाच्या आसपास. म्हणजे लंबकाचं घड्याळ कोल्हापुरात बरोबर लावून वर नेलं तर दिवसाला चारेक सेकंद मागं पडेल.

आता तापमान बघा. पोलादी तार दर अंश सेल्सिअसला लाखात सव्वा भाग वाढते. वर हवा १० अंशांनी थंड असली तर तार आखडते आणि घड्याळ दिवसाला ५ सेकंद पुढं जातं. दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि आपण म्हणतो, फरकच नाही. हे मोजायचंच असेल तर दोन्ही ठिकाणी तापमान अर्ध्या अंशापर्यंत नोंदवा आणि लांबी त्याप्रमाणे दुरुस्त करा. तार इन्व्हारची (तापमानानं जवळजवळ न वाढणारा मिश्रधातू) मिळाली तर हा प्रश्न जवळपास संपतो.

हा परिणाम प्रथम लक्षात आला तो १६७२ मध्ये. जाँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ पॅरिसमध्ये लावलेलं लंबकाचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, आणि ते दिवसाला अडीच मिनिटं मागं पडू लागलं. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आणि मधे फुगीर असल्याचा हा मोठा पुरावा न्यूटननं पुढं वापरला.

शिरोली_ओतकाम

मुख्य गोष्टीकडे येऊ, कॅपिटल जी. हे मोजण्याची कल्पना जॉन मिशेलची आणि मोजलं हेन्री कॅव्हेंडिशनं, १७९७-९८ मध्ये. त्याचे मोठे गोळे शिशाचे, प्रत्येकी १५८ किलो. त्याला हवी होती पृथ्वीची घनता. ती आली पाण्याच्या ५.४४८ पट, आजचा आकडा ५.५१. सव्वादोनशे वर्षांपूर्वी दीड टक्क्याच्या आत!

आपल्याकडे ओतकामाची परंपरा आहे, त्यामुळे गोळ्यांची अडचण नाही. पुढची मापं घरच्या किंवा कॉलेजच्या मांडणीसाठी.

मोठे गोळे दोन, शिशाचे, १२ सेमी व्यासाचे. भरीव असले तर प्रत्येकी १०.२६ किलो भरायला हवेत. वजन १० किलोच्या खाली आलं तर आत पोकळी आहे असं समजा. शिसं थिजताना आकसतं, वर पुरेसा रायझर (साच्यावरचा जादा धातूचा साठा) ठेवला नाही तर ती पोकळी गोळ्यातच राहते आणि तीही मध्यात नाही, वरच्या बाजूला. मग गोळ्याचा मध्य एक आणि वस्तुमानाचा मध्य दुसरा. असा गोळा परत वितळवा. साचा पूर्ण कोरडा हवा, ओलाव्यावर वितळलेलं शिसं पडलं की वाफ होऊन धातू अंगावर उडतो. काम उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन. नंतर हात साबणानं धुतल्याशिवाय कशालाही तोंड लावायचं नाही, आणि गोळ्यांना रंगाचे दोन हात द्यायचे.

लहान गोळे दोन, शिशाचेच, ५० ग्रॅमचे (व्यास २ सेमी). ३० सेमीच्या ॲल्युमिनियम नळीच्या दोन टोकांना. नळी मधोमध तारेनं टांगायची आणि मध्याला छोटा आरसा चिकटवायचा. आरशावर लेझरचा ठिपका, तो परतून ३ मीटरवरच्या भिंतीवरच्या पट्टीवर.

प्रत्येक लहान गोळ्याशेजारी एक मोठा गोळा, नळीच्या विरुद्ध बाजूंना; लहान गोळे ओढले गेले की तार पिळते आणि ठिपका सरकतो. मोठा आणि लहान गोळा यांच्या मध्यांतलं अंतर १० सेमी. मग ओढ किती? ३.३ × १० चा उणे ९ वा घात न्यूटन, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या तीन हजाराव्या भागाच्या वजनाएवढी. सगळी मेहनत या एवढ्याशा ओढीसाठी आहे, त्यामुळे इथं कुठलीही ढिलाई चालत नाही.

लेथ_आणि_लेन्स

तार कोणती घ्यायची? वायरकट मशीनची (तारेनं धातू कापणाऱ्या यंत्राची) मॉलिब्डेनमची तार इथं प्रत्येक टूलरूममध्ये पडलेली असते, ०.१८ मिमी. ती चालेल का?

शिरोली_ओतकाम

नाही चालणार, आणि का नाही ते बघण्यासारखं आहे. तारेचा पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. आपल्याला हवा आहे १० मिनिटांचा आवर्तकाल. त्यासाठी १ मीटर लांबीची पोलादी तार ०.०७५ मिमी जाडीची लागते. ०.१८ म्हणजे जाडी २.४ पट, चौथा घात ३३. मॉलिब्डेनम पोलादापेक्षा दीडपट ताठ, म्हणजे एकंदर ५० पट. ०.०७५ च्या तारेवर मोठे गोळे या बाजूचे त्या बाजूला केले की ठिपका ४८ मिमी सरकतो. वायरकटच्या तारेवर तो १ मिमीसुद्धा धड सरकणार नाही.

०.०७५ ची कडक पोलादी तार अर्ध्या किलोला तुटत नाही आणि आपलं ओझं सव्वाशे ग्रॅमच्या आत आहे. पण झटका बसला की तुटते. म्हणून बसवताना नळी खालून लाकडी ठोकळ्यावर टेकवून ठेवायची आणि वरचा स्क्रू फिरवून हळूहळू उचलायची. तारेला कुठंही मुरड पडू देऊ नका, मुरड पडलेली तार आठवडाभर आपला शून्य बिंदू बदलत राहते. ओझं टांगल्यावर दोन-तीन दिवस तशीच सोडा, मगच नोंदी.

कळंबा_१२

मोठे गोळे शिशाऐवजी बिडाचे केले तर? बीड स्वस्त आणि इथलंच.

चुन्याची_निवळी

दोन अडचणी. १२ सेमीचा बिडाचा गोळा साडेसहा किलोच भरतो, ओढ त्याच प्रमाणात कमी. दुसरी अडचण मोठी: बीड चुंबकत्व धरतं. नळीवरचा एखादा पोलादी स्क्रू, आरशामागची क्लिप, इतकंच काय ते चुंबकीय ओढीला पुरतं, आणि ती ओढ गुरुत्वाकर्षणाच्या शेकडो पट असते. उत्तर भलतंच मोठं येतं आणि माणूस खूश होतो. फिरत्या भागाला कडक चुंबक जवळ नेऊन आधी तपासा. हलला तर तो भाग बदला. शिसं नाही जमलं तर पितळ घ्या.

बाकी काय काय बिघडतं ते असं. वारा: पंखा बंद, पेटी काचेची आणि सांधे चिकटपट्टीनं बंद. पेटीच्या एका बाजूला ऊन आलं तरी आत हवा फिरू लागते. खोलीत माणूस उभा राहिला तर त्याच्या अंगाच्या उष्णतेनंसुद्धा. म्हणून पट्टी दुरून किंवा कॅमेऱ्यानं वाचायची. विद्युतभार: काच पुसली की ती लहान गोळ्यांना खेचते. पेटीला आतून ॲल्युमिनियम फॉइल लावून ती आणि वरची टांगणी एकाच अर्थिंगला जोडा. हादरे: तळमजला, जमिनीवर थेट बसवलेली दगडी फरशी. रात्री ११ नंतर रस्ता शांत झाल्यावर नोंदी चांगल्या येतात.

रंकाळा_वेस

सगळं नीट बसलं असं धरू. पण खोलीतल्या शिशाचा आणि विश्वाच्या सुरुवातीचा संबंध काय? धाग्याचं नाव तर तेच आहे.

ओळंबा

थेट संबंध आहे. विश्व प्रसरण पावतंय, आणि त्यातलं सगळं द्रव्य एकमेकांना ओढून त्या प्रसरणाला लगाम घालतंय. लगाम पुरेल की नाही हे ठरवणारी एक घनता आहे, तिला क्रांतिक घनता म्हणतात. तिचं सूत्र असं: ३ × हबल स्थिरांकाचा वर्ग ÷ (८ × पाय × कॅपिटल जी). छेदात आहे तो आपला शिशाच्या गोळ्यांचा स्थिरांक, तोच.

आकडे घाला. हबल स्थिरांक साधारण ७०: दर दशलक्ष पार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं) अंतराला सेकंदाला ७० किमी वेग. किलोमीटर आणि पार्सेक एकाच मापात आणले की तो होतो २.२७ × १० चा उणे १८ वा घात, प्रति सेकंद. उत्तर: दर घनमीटरला ९ × १० चा उणे २७ वा घात किलो. हायड्रोजनच्या अणूंत सांगायचं तर घनमीटरमागं पाच-साडेपाच अणू.

त्याच २.२७ चा व्यस्त घेतला की काळ मिळतो, १४ अब्ज वर्षं. नेमकं वय १३.८ अब्ज वर्षं निघतं. दोन आकडे जवळ आहेत कारण आधी लगामामुळे प्रसरण मंदावत होतं आणि गेली पाचेक अब्ज वर्षं ते वेग घेतंय. हा वेग वाढल्याचं १९९८ मध्ये दूरच्या महानवताऱ्यांवरून (सुपरनोव्हा) कळलं, त्याला २०११ चं नोबेल मिळालं. घनतेचा हिशोब लावला तर नेहमीचं द्रव्य ५ टक्के, अदृश्य द्रव्य पाव हिश्श्याच्या वर आणि उरलेली कृष्ण ऊर्जा, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारी.

सोमवार_पेठ

मग माझे साचलेले प्रश्न एकदम विचारतो. एक, स्फोट झाला ती जागा कुठं आहे? दोन, सगळं एका ठिकाणी होतं तर त्याचं कृष्णविवर का नाही झालं? तीन, सगळं लांब जातंय तर देवयानी आपल्याकडे कशी येते? चार, कोल्हापूर-पुणे अंतरही वाढतंय का?

दूरदर्शी

एक. जागा नाही. तो स्फोट रिकाम्या जागेत झालेला नव्हता, जागाच ताणली गेली. स्फोटाचं ठिकाण विचारणं म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचा मधला बिंदू कोणत्या गावात आहे हे विचारणं. कुठल्याही दीर्घिकेत बसलं तरी बाकीच्या लांब जाताना दिसतात आणि वेग अंतराच्या प्रमाणात असतो. म्हणून ‘आपण मधोमध आहोत’ असं प्रत्येकाला वाटतं.

दोन, हा या धाग्यातला सगळ्यांत चांगला प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर. कृष्णविवराची त्रिज्या काढण्याचं जे सूत्र आपण वापरतो (२ × कॅपिटल जी × वस्तुमान ÷ प्रकाशवेगाचा वर्ग), ते एका जागी स्थिर असलेल्या, भोवती रिकामी जागा असलेल्या गोळ्यासाठी आहे. सुरुवातीच्या विश्वाला यातलं काहीच लागू नाही. घनता सगळीकडे जवळपास सारखी होती, बाहेर रिकामं असं काही नव्हतं आणि सगळं प्रचंड वेगानं पसरत होतं. कोसळायला एखादा भाग भोवतालापेक्षा बराच दाट असावा लागतो. किती दाट-विरळ होतं ते आपल्याला मोजून माहीत आहे: पार्श्वप्रारणाच्या (सुरुवातीच्या तप्त विश्वातून उरलेल्या, सगळ्या दिशांनी येणाऱ्या मंद प्रारणाच्या) तापमानात चढउतार लाखात एखाद्या भागाएवढेच आहेत. एवढ्याशा चढउतारातून दीर्घिका तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली.

तीन. प्रसरण मोठ्या अंतरांवर दिसतं. जवळच्या दोन दीर्घिका एकमेकींना धरून असतील तर त्यांची ओढ जिंकते. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. एवढ्या अंतराला प्रसरणाचा वाटा सेकंदाला ५४ किमी लांब जाण्याचा असता, प्रत्यक्षात ती आपल्या आकाशगंगेकडे सेकंदाला ११० किमीनं येतेय. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरून चंद्र नसताना नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपका दिसतो, तो तीच.

चार. २३० किमीला हबल स्थिरांक लावला तर वर्षाला १६ मायक्रोमीटर येतात. पण ती वाढ होत नाही. खडक अणूंच्या बंधांनी धरलाय आणि पृथ्वी स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं. तिथं प्रसरणाला मोकळीकच नाही.

रंकाळा_वेस

महास्फोट झालाच हे कशावरून? आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर तर तो मानत नव्हते ना?

दूरदर्शी

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. केंब्रिजमध्ये ब्रिटिश खगोलज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला. त्यात वस्तूचं जडत्व हे विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे येतं. महास्फोटाला ते शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले, आणि ते प्रश्न मोजमापाचे होते. २० मे २०२५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

महास्फोटाऐवजी हॉइल आणि ते ज्याची बाजू घेत होते त्या स्थिर स्थिती विश्वात प्रसरण मान्य आहे, पण घनता कायम. म्हणजे रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य यायला हवं. किती? घनमीटरमागं अब्ज वर्षांत साधारण एक अणू. ऐकायला कितीही अजब वाटलं तरी प्रयोगशाळेत हे खोडून काढता येत नाही, एवढा तो दर कमी आहे. तो सिद्धांत मागं पडला तो दुसऱ्या कारणांनी. दूरच्या, म्हणजे जुन्या काळातल्या रेडिओ स्रोतांची संख्या आजच्यापेक्षा वेगळी निघाली. मग १९६४-६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना पार्श्वप्रारण सापडलं, आणि १९९० मध्ये कोबी उपग्रहानं त्याचा वर्णपट २.७ केल्विनच्या (निरपेक्ष शून्यापासून मोजलेले अंश) आदर्श कृष्णवस्तूशी (पडेल ते सगळं प्रारण शोषणाऱ्या वस्तूशी) तंतोतंत जुळल्याचं दाखवलं. हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये सुधारित सिद्धांत मांडून यावर उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण एवढा नेमका वर्णपट त्यातून सहज निघत नाही.

मला सगळ्यांत पटणारा पुरावा हेलियमचा आहे, कारण तो वहीत करता येतो. पहिल्या काही मिनिटांत, अणुकेंद्रं बांधली जात असताना दर ७ प्रोटॉनमागं १ न्यूट्रॉन उरला होता. १६ कण घ्या: १४ प्रोटॉन, २ न्यूट्रॉन. दोन्ही न्यूट्रॉन दोन प्रोटॉनबरोबर हेलियमच्या एका केंद्रात गेले. हेलियम ४, उरलेला हायड्रोजन १२. सोळात चार म्हणजे वजनानं २५ टक्के. ताऱ्यांनी फारसं न बदललेल्या वायूत हेलियम मोजलं तर याच्याच आसपास भरतं. ताऱ्यांच्या भट्टीत एवढं हेलियम सगळीकडे सारखं तयार होणं अवघड आहे.

लेथ_आणि_लेन्स

पार्श्वप्रारण घरच्या डिश अँटेनावर पकडता येईल का?

दूरदर्शी

ते डिशमध्ये येतं, पण वेगळं काढणं फार अवघड. डिशच्या एलएनबीचा (तोंडाशी बसवलेल्या, संकेत वाढवणाऱ्या भागाचा) स्वतःचा गोंगाट ५०-६० केल्विनचा; रेडिओत गोंगाट तापमानात मोजतात. त्यात हवेचे काही केल्विन, आणि डिशच्या कडेवरून डोकावणाऱ्या ३०० केल्विनच्या जमिनीचे आणखी. यातून २.७ उचलायचे तर एलएनबीचं वर्धन एक-दोन टक्क्यांतही हलता कामा नये, आणि ते तर उन्हानं तापलं तरी हलतं. पेन्झियास-विल्सन यांच्याकडे तुलनेसाठी ४.२ केल्विनचा द्रव हेलियमचा संदर्भ होता. तशा थंड संदर्भाशिवाय हे होत नाही. डिशवर सूर्य मोजा: सॅटेलाइट फाइंडरची सुई सूर्यावर नेली की स्पष्ट चढते.

कळंबा_१२

आणि अगदी सुरुवातीच्या क्षणी गुरुत्वाकर्षण कसं होतं?

दूरदर्शी

१० च्या उणे ४३ व्या घाताएवढ्या सेकंदाच्या आधी आइन्स्टाइनची समीकरणं लागू पडत नाहीत. तिथं गुरुत्वाकर्षणाचा पुंज (क्वांटम) सिद्धांत लागतो आणि तो अजून कुणाकडेही नाही. ‘त्याआधी काय’ याला आज उत्तर नाही, मतं आहेत.

लेथ_आणि_लेन्स

शिशाच्या मांडणीचा एक शेवटचा मुद्दा राहिला. ठिपका तासन्‌तास डोलत राहतो, थांबतच नाही. मधली जागा कशी वाचायची?

शिरोली_ओतकाम

थांबायची वाट बघायची नाही. ठिपका जिथं वळतो त्या लागोपाठच्या तीन जागा लिहा. पहिली, दुसरीची दुप्पट आणि तिसरी यांची बेरीज भागिले चार. उदाहरणार्थ ११२, ६४, १०४ मिमी: ११२ + १२८ + १०४ = ३४४, भागिले ४ म्हणजे ८६. पहिली आणि तिसरी जागा एकाच बाजूची असल्यामुळे डोलणं कमी होत गेल्याची दुरुस्ती यात आपोआप होते. मग मोठे गोळे हळूच दुसऱ्या बाजूला आणा, पेटीला धक्का न लावता, आणि पुन्हा तीन जागा. दोन मध्यांमधला फरक हा आपला सरक.

कोन = सरक ÷ (४ × भिंतीचं अंतर). ४८ मिमी आणि ३ मीटरला ०.००४.

कॅपिटल जी = ४ × पायचा वर्ग × नळीची अर्धी लांबी × मध्यांतल्या अंतराचा वर्ग × कोन ÷ (मोठ्या गोळ्याचं वस्तुमान × आवर्तकालाचा वर्ग). लहान गोळ्याचं वजन सूत्रातून गळून पडतं, ते अचूक मोजायची गरजच नाही. ०.१५ मीटर, ०.१ मीटर, १० किलो, ६०० सेकंद घातले की ६.६ × १० चा उणे ११ वा घात येतो. याच्यात दोन दुरुस्त्या: समोरच्या टोकाचा मोठा गोळा उलट ओढतो, त्यासाठी सुमारे ३ टक्के वाढवा, आणि नळीचं जडत्व हिशोबात धरा, ते धरलं की उत्तर आणखी थोडं वाढतं. आजचा मान्य आकडा ६.६७४. अंतराचा वर्ग येतो म्हणून १० सेमीत १ मिमी चुकला की उत्तर २ टक्क्यांनी हलतं. व्हर्नियर तिथं वापरा, बाकी ठिकाणी पट्टी चालते.

ओळंबा

आणि हे दोन्ही आकडे हातात आले की पृथ्वीचं वजन करा: स्मॉल जी × पृथ्वीच्या त्रिज्येचा वर्ग ÷ कॅपिटल जी. ९.७८३ आणि ६३७७ किमी घातले तर ५.९६ × १० चा २४ वा घात किलो. खरा आकडा ५.९७ आहे. उरलेली तूट मोजमापातली नाही: पृथ्वी फिरते, त्यामुळे आपल्या अक्षांशावर स्मॉल जी मुळातच थोडं कमी भरतं. ध्रुवावरचं ९.८३२ आणि तिथली ६३५७ किमी त्रिज्या घेतली तर तूट कमी होण्याऐवजी वाढते, उत्तर ५.९५ वर जातं. असं का होतं ते कुणीतरी वहीत करून इथं टाका. फुगवट्यातलं द्रव्य ध्रुवाला कसं ओढतं इथून सुरुवात करा.